पेलेग टेफ्ट यांचं मत

१२ मार्च १७९०

सिमियन दादा,

आधीच्या दोन पत्रांचं तू काय केलंस ते मी विचारत नाही. हे मात्र गिरणीवाल्याच्या गाडीतून पाठवतेय आणि त्याला बजावलंय की दादा पत्र उघडेपर्यंत तिथून हलायचं नाही. म्हणजे आत्ता तो तुझ्या पिंपांच्या कारखान्यात दारातच उभा असेल. बिचाऱ्याला ताटकळत ठेवू नकोस, त्याचे गुडघे दुखतात.

बाबांना झटका आला. सकाळी गोठ्यात गेले, ते बराच वेळ आले नाहीत म्हणून आई बघायला गेली, तर गवतावर पडलेले. उजवं अंग गेलंय. डॉक्टर येऊन रक्त काढून गेले आणि जाताना माझ्याकडे असं बघून मान हलवली की मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. पण बाबा वाचले. तुला माहीतच आहे, मरायलासुद्धा ते सहजासहजी कबूल व्हायचे नाहीत.

वाचा गेली. अगदी सगळी गेली असंही नाही, एक शब्द राहिलाय. कोणता ते सांगितलं तर तू हसशील, आणि हसलास तर मी तुझं तोंड बघणार नाही.

"हो."

एवढंच येतं त्यांना. पाणी हवं का, हो. दुखतंय का, हो. आज शनिवार आहे का, हो, आणि असतो बुधवार. इंग्लंडच्या राजाला नाही म्हणालेला माणूस, पाद्रीबाबांना नाही म्हणालेला, माझ्या लग्नाला दोनदा नाही म्हणालेला माणूस दिवसभर हो हो करत बसलाय. स्वतःच्या तोंडून तो शब्द आला की डोळे असे होतात की बघवत नाही. म्हणजे आत सगळं शाबूत आहे रे. फक्त बाहेर येत नाही.

दोन वर्षांपूर्वी याच महिन्यात तुमचं फाटलं. मी सभागृहाच्या दारात बायकांबरोबर उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. देशाची नवी घटना मानायची की नाही, एकेकानं उठून सांगायचं होतं. बाबा उठले आणि म्हणाले, "नाही. आणि हे नाही माझ्या एनॉसचंही आहे. दूर बसून कुणी आपल्यावर राज्य करू नये म्हणून माझा मुलगा मेला." मग तुझं नाव आलं. नुसतं हो म्हणून खाली बसला असतास तर बाबांनी महिनाभर धुसफुस केली असती आणि विषय संपला असता. पण तुला बोलायचं होतं. "हो," म्हणालास, "आणि एनॉस गोळीनं नाही मेला. छावणीत थंडीनं मेला, पायात बूट नव्हते म्हणून. बूट कुणी पाठवायचे यावर तेरा राज्यं वाद घालत बसली होती आणि काँग्रेसच्या हातात कुणाला सांगायची ताकद नव्हती."

तू खोटं बोललास असं मी कधीच म्हटलं नाही. पण ते चारचौघांत, आणि तेही बाबांच्याच जमिनीच्या जोरावर. थोरला मुलगा म्हणून तुला तिथे तोंड उघडायचा हक्क होता, बापाच्या शेतावरून मिळालेला. तोच तू बापाच्या छातीवर चालवलास. ते म्हणाले डोळ्यांसमोर येऊ नकोस. तू म्हणालास, स्वतः बोलवाल तेव्हाच येईन. आणि नदी ओलांडून कनेक्टिकटात जाऊन बसलास. दोघंही एकाच मातीचे, दुसरं काय.

आता भांडायला समोर कुणी राहिलं नाही, दादा. ये.

केझाया

४ एप्रिल

दादा,

तुझी चहाची पुडी मिळाली. चिठ्ठीपण मिळाली. "त्यांनी स्वतः बोलावलं तर लगेच निघतो." वा. ज्या माणसाला पाणी मागता येत नाही त्यानं तुला बोलवायचं. चहा चांगला आहे, तेवढ्यापुरते आभार.

आईची मात्र चंगळ चाललीय. चाळीस वर्षांत ज्या ज्या गोष्टींना नाही ऐकलं त्या सगळ्या ती आता एकेक करून विचारते. "पेलेग, पुढचं दार निळं रंगवू या ना?" हो. "माझ्या बहिणीला उन्हाळाभर राहायला बोलावू?" हो. परवा तांबडी गाय विकायचं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, आई, हे पाप आहे. तर म्हणाली, "मला ऐकू दे गं. खरं नसेना का." आणि एप्रनला डोळे पुसत आत गेली. दार मात्र खरंच निळं रंगवलंय. बाबा दाराकडे पाठ करून बसतात.

मला एक कळलंय. तोंड काहीही बोलो, त्यांचा डावा हात खरं बोलतो. नको असेल तर हात पुढे येतो आणि हवेत ढकलल्यासारखं करतो, वाटी सरकवावी तसं. हवं असेल तर हात मांडीवर गप्प पडून असतो. आईला पटत नाही, किंवा तिला पटवून घ्यायचं नाही. पण मी रोज भरवते, मला ठाऊक आहे.

म्हणून मी सरळ विचारलं. "सिमियनला बोलवू का?"

"हो," म्हणाले. आणि हात पुढे आला, टेबलावरची बशी खाली पाडली.

तुला खोटं कळवलं असतं तर तू आला असतास, हे मला समजतं. पण मला ते जमलं नाही. त्यांच्याजवळ आता खरं असं तेवढंच उरलंय.

बाकी गावात एकच विषय. तुम्ही बारा राज्यं ती नवी घटना मानून तिकडे एक होऊन बसलात आणि आपलं हे एवढंसं रोड आयलंड बाहेर, म्हणून आम्ही म्हणे परदेश. पुलावर पहारेकरी बसवलाय. गेल्या आठवड्यात आईचं चीज त्यानं परत पाठवलं, परदेशी माल म्हणून. ज्या पुलावरून ती लहानपणापासून जातेय तिथे. आई त्याला म्हणाली, "तुझ्या आईच्या बाळंतपणाला मी होते, तेव्हा नव्हते का रे मी परदेशी?" त्यानं मान खाली घातली, पण चीज काही जाऊ दिलं नाही.

विल्कॉक्सकाका रोज संध्याकाळी येतात आणि बाबांच्या वतीनं दोन्ही बाजूंनी वाद घालतात. तुला आठवतं ना, बाबांनंतर गावात 'नाही'चा झेंडा धरणारे तेच. म्हणतात, दूरचं सरकार उद्या कर लावील, शांततेतसुद्धा फौज ठेवील. माणसं विकायच्या धंद्याला वीस वर्षं हात लावणार नाही असं घटनेच्या ज्या कागदावर लिहिलंय त्याच्याखाली मी माझं नाव घालू का? हे ऐकलं की बाबा हो म्हणतात आणि हात गप्प असतो. पण मग काकाच खुर्चीत मागे टेकून म्हणतात, की पेलेग, पण आपण एकटे किती दिवस तग धरणार रे. न्यूयॉर्कात काँग्रेसमध्ये आपला व्यापार पुरता बंद करायचा कायदा शिजतोय. तेव्हा बाबांचा हात असा ढकलतो की काकांची टोपी उडाली एकदा.

मला कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर मी तुझ्या बाजूनं बोलले असते. हे बाबांना कधी सांगू नकोस.

केझाया

११ मे

दादा,

काल जे झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मी लिहितेय. पण गिरणीवाला परवाशिवाय जात नाही, म्हणजे तुला आधीच कळलं असेल, आणि चुकीचं कळलं असेल.

न्यूपोर्टला राज्याची परिषद भरतेय. आपल्या गावच्या प्रतिनिधीनं तिथे घटनेला हो म्हणायचं की नाही, हे ठरवायला काल सभा होती. सकाळपासून बाबा हातानं टोपी दाखवत होते. आई म्हणाली, जाऊ दे त्यांना, बसतील चार माणसांत. बैलगाडीत गाद्या घालून नेलं. मला वाटलं नुसते बसतील, माणसं भेटतील, बरं वाटेल. लोकांनी उठून वाट करून दिली. म्हाताऱ्या सैनिकांनी टोप्या काढल्या.

मग एकेक जण उठायला लागला. तू नव्हतास म्हणून सांगते, गाव बदललंय. पुलावरून माल परत आलेल्या प्रत्येक घरातून एक हो बाहेर पडत होता. तरी 'नाही'वालेही कमी नव्हते. मी बोटांवर मोजत होते आणि शेवटी दोन्ही हात सारखेच भरले. राहिले बाबा.

विल्कॉक्सकाका अध्यक्ष होते. त्यांनी नाव पुकारलं आणि तिथेच त्यांचा आवाज चिरकला, कारण त्यांच्या लक्षात आलं. बाबा उठले. दोघांनी धरलं होतं, पण उठले. तोंड उघडायच्या आधी किती वेळ गेला. मान ताठ झाली, गळ्याच्या शिरा फुगल्या, आत कुठेतरी तो दुसरा शब्द शोधत होते रे, आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

"हो."

आणि डावा हात हवेत ढकलत होता, पुन्हा पुन्हा.

मी दारातून ओरडले. म्हटलं काका, ते नाही म्हणतायत, हात बघा. सगळे वळून बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, पोरीला बाहेर काढा. काका माझ्याकडे आले. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "केझाया, मला काय कळत नाही? पण या सभेत तोंडातून येतो तोच शब्द. हा नियम कुणी लावला ठाऊक आहे ना? कागदाच्या चिठ्ठ्या टाकू या म्हटलं तेव्हा तुझा बापच उठून म्हणाला होता, ज्याला आपलं मत शेजाऱ्यांसमोर तोंडानं सांगता येत नाही त्याचं मत मत नव्हे."

मग जागेवर गेले आणि कारकुनाला म्हणाले, लिही. पेलेग टेफ्ट, हो.

त्या एका मतानं ठरलं. बाबांच्या जमिनीच्या हक्कानं त्यांच्या बाजूनं उभा राहणारा, सभेत ज्याला तोंड उघडायचा हक्क आहे असा एकच माणूस होता, आणि तो नदीपलीकडे पिंपांना कड्या घालत होता. मी तुला दोष देत नाही. देतेय खरं तर.

घरी आणलं तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून पडलेत.

केझाया

२ जून

दादा,

तुझं पत्र आईनं तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा वाचताना मला पुढे वाचवेना.

"बाबांना शेवटी पटलं. गावासमोर उभं राहून त्यांनी हो म्हटलं, म्हणजे ते मला म्हणालेत. यापेक्षा मोठं बोलावणं कोणतं? रविवारी बायको आणि पोरीला घेऊन येतो."

अक्षर किती घाईघाईचं होतं तुझं. इतक्या वर्षांत तुला इतकं आनंदात बघितलं नव्हतं.

माझं अकरा तारखेचं पत्र तुला मिळालं नाही. गिरणीवाल्यानं शपथ घेऊन सांगितलं की गाडीत ठेवलं होतं, मग कुठे गेलं त्याला माहीत नाही. म्हणून पुन्हा लिहितेय, आणि आई लिहू देत नव्हती. म्हणाली, "येऊ दे गं त्याला. नातीला बघू दे. तुझ्या खरेपणाचं लोणचं घालू का मी?" दोघी एकमेकींवर ओरडलो आणि मग दोघी रडलो. तिचं चुकतंय असं नाही. हे पत्र आधी पोचलं तर तू रविवारी येणार नाहीस, हे लिहितानाच मला ठाऊक आहे.

बाबांना पटलेलं नाही, दादा. त्यांना दुसरा शब्द येत नाही, एवढंच झालं. मी तुला मार्चात कळवलं होतं. सभेत त्यांचा हात नाही म्हणत होता आणि लिहिलं गेलं हो.

शनिवारी न्यूपोर्टला शिक्कामोर्तब झालं, अगदी थोडक्या फरकानं. इथपर्यंत तोफा ऐकू आल्या. आता आपण तुमच्यात आलो, पुलावरचा पहारेकरी गेला, आईचं चीज पुन्हा स्वदेशी झालं. लोक घरी येऊन बाबांचं अभिनंदन करतात. काही खरंच कौतुकानं करतात, काही टोचायला करतात. "पेलेग, शेवटी आलास ना वाटेवर?" आणि ते म्हणतात हो. त्यांच्याबरोबर लढलेले दोघं जण रस्त्यानं जाताना आता आमच्या घराकडे बघत नाहीत.

त्यांनी खाणं सोडलंय. मी घास पुढे केला की हात येतो. रोज थोडं पाणी घेतात, तेही आई रडली म्हणून. डॉक्टर म्हणतात दुखणं वाढलं. दुखणं काही वाढलेलं नाही. ज्या शब्दासाठी त्यांनी मुलगा घरातून घालवला, तोच त्यांच्या नावावर कायमचा लिहिला गेलाय. तो घेऊन त्यांना मरायचं नाही, आणि पुसता येत नाही म्हणून जगायचंही नाही.

आता मी तुझ्याकडे एक मागणार आहे. घरी ये म्हणत नाही. पंधरा तारखेला गावाची सभा आहे. तिथे ये. त्यांचा थोरला मुलगा म्हणून, त्यांच्या जमिनीच्या हक्कानं उभा राहा, आणि पेलेग टेफ्ट यांचं मत नाही आहे एवढं सगळ्यांसमोर तोंडानं सांग.

त्यानं काही बदलणार नाही. परिषद होऊन गेली. आणि तुला ते मनापासून खोटं वाटतं, हेही मला माहीत आहे. ज्या एका शब्दासाठी तू घर सोडलंस त्याच्या उलट तुला त्याच जागी उभं राहून बोलायला सांगतेय. लोक हसतील. तुझे पलीकडचे मित्रही हसतील.

पण मी सांगितलं तर मला बाहेर काढतात, दादा. तूच एक आहेस.

केझाया

१६ जून

दादा,

हे पत्र गिरणीवाल्याबरोबर नाही, विल्कॉक्सकाकांच्या घोड्यावरून येतंय. त्यांचा माणूस थांबलाय, म्हणून जेवढं झरझर लिहिता येईल तेवढं लिहिते.

काल तू आलास तेव्हा मी दारातच होते. तुला बारीक झालेलं बघून मला आधी राग आला. तुझ्या बाजूनं हो म्हणालेली मंडळी तुला हात करत होती, त्यांना वाटलं तू विजयाचं भाषण करायला आलास. काका म्हणाले, तू आता पलीकडचा रहिवासी, तुला इथे बोलता येणार नाही. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, आता सगळा एकच देश झालाय ना, बोलू दे. हशा झाला. तू हसला नाहीस.

"माझं मत हो होतं आणि आजही हो आहे," तू म्हणालास. "पण ते माझं. पेलेग टेफ्ट यांचं मत नाही आहे. मी त्यांच्या जमिनीवर वाढलोय, मला माहीत आहे. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो. नाही."

कारकुनानं काही लिहिलं नाही, त्याला तसा नियम नव्हता. पण त्याचे कान लाल झाले होते. आणि ते दोघं म्हातारे सैनिक, आमच्या घराकडे न बघणारे, आपापल्या जागी उठून उभे राहिले. तू ते बघितलंस की नाही ठाऊक नाही. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास, म्हणालास, "त्यांना सांग," आणि पुलाच्या दिशेनं चालायला लागलास. मी म्हटलं घरी चल. तू म्हणालास, "त्यांनी अजून बोलावलं नाही." हे म्हणताना तुझा चेहरा अगदी बाबांचा होता. मला वाटलं दगड उचलून मारावा.

मी धावत घरी आले. शब्द न शब्द सांगितला, तुझा हो सुद्धा. तो गाळला नाही. बाबा ऐकत होते. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. आईनं मक्याची भाकरी दुधात कुस्करून आणली, ती त्यांनी खाल्ली. अर्धी वाटी. आई माझ्याकडे बघत राहिली.

मी विचारलं, "त्याला बोलवू?"

"हो."

मी हात बघायला गेले, तर हात माझ्या खांद्यावर होता. मला खाली दाबत होते, उठायचं होतं त्यांना. आम्ही दोघींनी उभं केलं. एकेक पाऊल ओढत ते स्वतः दारापर्यंत गेले आणि दार उघडायला लावलं. रस्त्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "हो." इतक्या मोठ्यानं की समोरच्या शेतातली माणसं थांबली. पुन्हा म्हणाले. तू पुलापलीकडे गेला होतास रे. तरी ते हाक मारत राहिले, त्यांच्याजवळ होता त्या शब्दानं. पाय गेले तेव्हा तिथेच उंबऱ्यावर बसले आणि आत यायला तयार होईनात. आईनं गोधडी पांघरली. मी म्हटलं, बाबा, उद्या पहाटे मी स्वतः जाऊन त्याला घेऊन येते. ऊन उतरायच्या आत त्यांची मान आईच्या मांडीवर पडली.

आईनं त्यांचे डोळे अजून मिटू दिले नाहीत. म्हणते, रस्ता दिसू दे.

तू म्हणाला होतास ते स्वतः बोलावतील तेव्हाच येईन. बोलावलं त्यांनी. आई, मी आणि समोरच्या शेतातली माणसं, सगळे साक्षीला आहोत. आता उशीर झाला असं म्हणून तिकडे बसशील तर मी तुला जन्मभर क्षमा करणार नाही. मागच्या शेतात, ओकच्या झाडाखाली जागा ठरवलीय. गावातले लोक फावडी घेऊन आलेत आणि कुंपणाशी बसून आहेत. मी त्यांना अजून मातीला हात लावू दिलेला नाही. वहिनीला आणि पोरीला घेऊन ये. पहिलं फावडं तू मारायचंस, जमीन त्यांची आहे.

केझाया